नापास पेटी

आमच्या घरात तीस वर्षं कॉफी झाली नाही. कारण माझ्या नवऱ्याच्या गोळ्या. कॉफीच्या वासानं होमिओपॅथीच्या औषधाचा गुण मरतो, असं त्याच्या पुस्तकात लिहिलंय. कॉफीनं मरतो, कच्च्या कांद्यानं मरतो, हिंगानं मरतो आणि कापरानं तर जागच्या जागी मरतो. नुसत्या वासानं मरणारं औषध माणसाला काय जगवणार, असं मी सुरुवातीलाच विचारलं होतं. त्यावर त्यानं ते जाडजूड पुस्तकच माझ्या हातात दिलं. मी दोन पानं वाचली आणि गॅसवरून उतरवलेला कुकर त्यावर ठेवला. त्याचा गोल डाग अजून पुस्तकावर आहे.

नवरा म्हणजे विश्वास. समोर मी त्याला अहो म्हणते, पण सांगताना हे आले, हे गेले करत बसले तर तुमचा गोंधळ होईल, म्हणून इथे तो विश्वासच. भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात तो तपासनीस होता. कारागिरांनी बनवलेले लोखंडी भाग मापायचे, ठोकून बघायचे आणि पास की नापास ते सांगायचं. मी त्याच कारखान्याच्या दवाखान्यात रक्त आणि लघवी तपासत असे. म्हणजे एका घरात दोन तपासणारे. कारखान्यात त्याला केसभर फरक चालायचा नाही. तोच माणूस संध्याकाळी घरी येऊन शेजाऱ्यांच्या जिभेवर असल्या गोळ्या ठेवायचा की ज्यांच्यातलं औषध एका थेंबाचे शंभर, त्यातल्या एकाचे पुन्हा शंभर, असं तीस वेळा पातळ केलेलं. त्यात उरतं काय, म्हणून विचारलं की म्हणायचा, शक्ती उरते. मी कपाळावर हात मारायची आणि भाकरी थापायला लागायची.

आता पेटीचं सांगते. शिसवी लाकडाची, आत लाल मखमल, साठ खाचांमध्ये साठ बारीक बाटल्या. प्रत्येकीवर त्याच्या सुवाच्य अक्षरात नाव. साध्या साखरेच्या गोळ्यांचं पाकीट एम. पी. नगरच्या दुकानातून आणायचं, गोळ्या बाटलीत भरायच्या आणि वरून अर्काचे दहा थेंब टाकायचे, अशी ती पद्धत. विश्वासची बोटं जाड, त्याचा नेम बसायचा नाही, सगळ्या गोळ्या टेबलाखाली. माझा हात जन्मभर काचनळ्या धरून स्थिर झालेला. त्यामुळे बाटल्या भरायचं काम पहिल्यापासून माझ्याकडे. विश्वास नसलेल्या बाईनं विश्वासची औषधं भरायची, यावर आमच्या ओळखीत सगळे हसून घ्यायचे.

पैसे त्यानं कधी घेतले नाहीत, हे मात्र सांगायलाच हवं. माणूस मनाचा निर्मळ आहे. कुणाचं मूल खोकलं, कुणाच्या पाठीत उसण भरली की तो तासभर बसून ऐकणार. कुठल्या कुशीवर झोपता, आंबट आवडतं का गोड, रागावल्यावर रडू येतं का, सगळं विचारणार आणि वहीत लिहून घेणार. आठ दिवसांनी पुन्हा विचारणार आणि गुण आला असेल तर समोर बरोबरची खूण करणार. निम्म्या लोकांचं दुखणं कुणीतरी विचारल्यानंच हलकं व्हायचं, असं माझं मत. आणि सर्दी ती, सात दिवसांनी जाणारच.

सहा वर्षांपूर्वी तो रिटायर झाला आणि आम्ही कारखान्याचं क्वार्टर सोडून अवधपुरीत स्वतःच्या घरात आलो. सामान हलवताना मी एक उद्योग करून ठेवला. देवघराचं खोकं भरत होते. समई, ताम्हन, उदबत्त्या, आणि दिवाळीत आणलेला अर्धा किलो भीमसेनी कापूर. खोक्यात एका बाजूला जागा उरली होती आणि पेटी अगदी मापात बसत होती. ठेवली. अर्काच्या बाटल्याही त्यातच खुपसल्या. वर हिंगाची डबी. दोन दिवस ते खोकं बंद.

उघडलं तेव्हा माझ्या नाकाला आधी कळलं आणि डोक्याला नंतर. पेटी अख्खी कापरानं दरवळत होती. मखमल, बाटल्यांची बुचं, आतल्या गोळ्या, सगळं. त्याच्या पुस्तकाप्रमाणे साठच्या साठ औषधं मेली होती.

विश्वास तेव्हा कारखान्यात शेवटच्या सह्या करायला गेला होता. संध्याकाळी हार आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन परत आला आणि नव्या घराच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला. पुढचे चार दिवस तो तिथेच बसला होता. सकाळी भोंग्याच्या वेळेला उठायचा, बूट घालायचा आणि मग पुन्हा काढायचा. मला त्याचं फार वाईट वाटलं. या माणसाकडे आता पेटीशिवाय काही नाही, आणि ती मी मारलीय, हे कुठल्या तोंडानं सांगू? म्हणून मी गप्प बसले. खरं सांगायचं तर आणखी दोन कारणं होती. एक, तो बोलणार याची भीती. आणि दुसरं, बघू या तरी काय होतं, ही खोड.

मी बाटल्या गरम पाण्यात उकळल्या, मखमल उन्हात टाकली आणि साठही बाटल्यांत नव्या कोऱ्या साखरेच्या गोळ्या भरल्या. वर थेंब काही टाकला नाही. मेलेल्या अर्काचे थेंब टाकून करायचं काय. पुढे तीच सवय झाली. अर्काची पातळी खाली जाताना दिसायला हवी, म्हणून महिन्याला थोडा बेसिनमध्ये ओतायचा, एवढं मी चोख सांभाळलं.

आणि झालं काय? काहीच नाही. लोक येत राहिले, बरे होत राहिले, विश्वास खुणा करत राहिला. शर्मांच्या सुनेची अर्धशिशी गेली. समोरच्या मिश्राजींना झोप यायला लागली. करोनाच्या दिवसांत तर गेटपर्यंत रांग होती. तेव्हा तोंडावर मास्क असल्याशिवाय मी कुणाला पायरी चढू दिली नाही, लस आल्यावर प्रत्येकाला घेतलीत का म्हणून विचारलं, आणि मग खुशाल गोळ्या नेऊ दिल्या. सगळे त्याला डॉक्टरसाब म्हणायचे. तो बूट घालून व्हरांड्यात बसायचा आणि ते पुन्हा काढायची वेळ त्याच्यावर यायची नाही. मी आत स्वयंपाकघरात गालातल्या गालात हसायची. साखरच आहे, कुणाचं काय बिघडणार, असं मी स्वतःला सहा वर्षं सांगत आले. फार सुखाचे दिवस होते ते.

मग गजाननभाऊजींचं झालं.

गजानन बोरकुटे मूळचे नागपूरचे, कारखान्यात वेल्डर होते, आता आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. विश्वासचे ते सख्ख्या भावासारखे, पण ती मैत्री भांडणातून झालेली. वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी तीन आठवडे खपून जोडलेलं एक मोठं झाकण विश्वासनं नापास केलं. कारखान्यात नापास मालावर लाल रंगाचा पट्टा मारायचे आणि तारेनं एक कार्ड बांधायचे. कार्डावर दोन सह्या लागायच्या, तपासणाऱ्याची आणि बनवणाऱ्याची. भाऊजींनी सही केली आणि चार महिने विश्वासशी बोलले नाहीत. पुढे ते झाकण कापलं तेव्हा आत बोटभर चीर निघाली. त्या दिवसापासून भाऊजी सगळ्यांना सांगतात, विश्वासनं लाल मारलं म्हणजे लाल, देवही तिथं हिरवं करू शकत नाही.

यंदा मार्चमध्ये भाऊजींना छातीत कळ आली. नशीब बलवत्तर, वेळेत दवाखान्यात पोचले. हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला आणि डॉक्टरांनी बजावून सांगितलं की रक्त पातळ ठेवणाऱ्या या दोन गोळ्या वर्षभर, एकही दिवस चुकवायची नाही. त्यांची बायको शकुंतला ते डोळ्यांत तेल घालून बघायची. पण ऑक्टोबरात ती पुण्याला मुलाकडे, मयूरकडे, सुनेच्या बाळंतपणाला गेली आणि भाऊजी घरी एकटे राहिले.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी भाऊजी पोहे खायला आले. चेहरा टवटवीत, चाल झपाझप. विश्वासनं त्यांना दोनेक आठवड्यांपूर्वी ॲसिडिटीवर गोळ्या दिल्या होत्या, तेवढं मला ठाऊक होतं. बाटली मीच भरलेली. ते सांगायला लागले की पोटातली आग पार गेली, जेवण जातं, झोप लागते, जादू आहे. विश्वास खुशीत वही काढून खूण करायला लागला. मी शेव वाढत होते. आणि त्याच ओघात भाऊजी म्हणाले की त्यांनी दवाखान्याच्या गोळ्या बंद करून आज अकरा दिवस झाले.

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला.

मी विचारलं, कुणी सांगितलं बंद करायला. कुणीच नाही. विश्वासनं सगळ्यांना सांगतो तेच त्यांना सांगितलं होतं, कॉफी नको, कांदा नको, कापूर नको, आणि तेज औषधांपासून अर्धा तास लांब, नाहीतर गोळीचा गुण मरतो. भाऊजी पडले हाताचे पक्के कारागीर. त्यांनी विचार केला, अर्धा तास कशाला, तेज औषधच बंद ठेवू, म्हणजे या गोळीला मोकळं रान मिळेल. आणि बघा, कसा गुण आला.

गुण कसला आला होता ते मला तिथल्या तिथे कळलं. त्या दोन गोळ्यांनीच त्यांच्या पोटात आग पडत होती. त्या थांबल्या, आग थांबली. माझ्या साखरेनं काही केलेलं नव्हतं. तिनं फक्त त्यांना दुसरी गोळी सोडायला लावली होती. सहा वर्षं मी जिला निरुपद्रवी म्हणत होते, तिचा उपद्रव हा असा मागच्या दारानं आला होता.

मी त्यांना समजावलं. त्या नळीत आता तारेची जाळी आहे, ती शरीराला परकी, रक्त तिच्यावर गुठळी धरायला बघतं, गोळी ते धरू देत नाही. गुठळी होईपर्यंत काहीच कळत नाही आणि झाली की वेळ मिळत नाही. भाऊजी शांतपणे पोहे खात होते.

"वहिनी, मी रोज पाच किलोमीटर चालून राहिलो," ते म्हणाले. "आत काही बिघडून राहिलं असतं, तर मला कळलं नसतं का?"

मी विश्वासकडे बघितलं. त्यानं सांगावं अशी माझी अपेक्षा. तो वहीकडे बघत होता. मग म्हणाला, इतका छान गुण आलाय, चार दिवस थांबून बघू, वीस तारखेला त्यांची दवाखान्याची तारीख आहेच, तेव्हा विचारू. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की सांगता सोय नाही. ज्यानं बोटभर चिरेसाठी याच भाऊजींशी चार महिने वैर घेतलं तो हा माणूस.

भाऊजी गेल्यावर मी पुण्याला फोन लावला. शकुंतला बिचारी रडवेली झाली, तिनं लगेच त्यांना फोन केला, आणि त्यांनी तिला घेतो घेतो म्हणून शब्द दिला. पाच मिनिटांनी मी त्यांना फोन करून विचारलं तर म्हणाले, तिची समजूत काढली हो, बाळंतिणीच्या घरी कशाला घोर. मग मी दवाखान्यात फोन केला. तिथली डॉक्टर मुलगी म्हणाली, आत्ताच्या आत्ता गोळ्या सुरू करा आणि उद्या सकाळी घेऊन या, छातीत जरा काही वाटलं तर सकाळचीही वाट बघू नका. आता मी गोळी नेऊन देणार आणि भाऊजी ती उशीखाली ठेवणार, हे मला दिसत होतं. ते ऐकतील असा एकच माणूस होता, आणि तो त्याच्या वहीत खूण करून बसला होता.

विश्वासला खरं सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी ओट्यापाशी पाच मिनिटं उभी राहिले.  सहा वर्षांची लबाडी म्हणजे काही दुधात पाणी घालणं नव्हे. त्याचे ते बूट मला दिसत होते. मग वाटलं, बूट गेले खड्ड्यात, तिकडे एका माणसाचा जीव टांगणीला लागलाय.

"त्या गोळ्यांत काही नाही," मी त्याच्यासमोर जाऊन म्हटलं. "तुमच्या मते असतं, तेवढंसुद्धा नाही. मी नुसती साखर भरतेय."

 ओरडेल, ताट फेकेल, काहीही करेल अशी माझी तयारी होती.

"कुठल्या तारखेपासून?" त्यानं विचारलं.

मला हसू यावं का रडू तेच कळेना. मी तारीख सांगितली. कापूर सांगितला, हिंगाची डबी सांगितली, बेसिनही सांगितलं. तो उठला, सगळ्या वह्या काढल्या आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मी जेवायला हाक मारली, आला नाही. दोन वाजले, तीन वाजले. मी दाराबाहेर वेताचा मोडा टाकून मेथी निवडत बसले. आतून फक्त पानं उलटल्याचा आवाज. दर अर्ध्या तासानं मी भाऊजींना फोन करत होते, काहीतरी निमित्त काढून. त्यांनी फोन उचलला की माझा जीव खाली पडायचा.

चार वाजता दार उघडलं. विश्वासच्या हातात कागद होता. त्यानं सगळ्या खुणा मोजल्या होत्या, आधीच्या वेगळ्या, नंतरच्या वेगळ्या.

"कापराच्या आधी शंभरातले अडुसष्ट बरे झाले," तो म्हणाला. "कापरानंतर शंभरातले एकोणसत्तर."

  चोवीस वर्षांचं औषध आणि सहा वर्षांची साखर, निकाल तोच. हे त्याला मी सांगितलेलं नव्हतं, त्याच्याच वह्यांनी सांगितलं होतं. त्याचे डोळे लाल झाले होते. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण त्यानं विचारलं, गेटाला लावलेला रंग उरलाय का.

रंगाचा डबा आणि ब्रश माझ्या हातात, पेटी त्याच्या हातात, असे आम्ही त्या दोन गल्ल्या चालत गेलो. वाटेत कुणीतरी नमस्ते डॉक्टरसाब म्हणालं. त्यानं मान हलवली नाही.

भाऊजी अंगणात तुळशीला पाणी घालत होते. आम्हाला बघून खुर्च्या ओढल्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. भाऊजी ऐकत गेले आणि शेवटी मोठ्यानं हसले. म्हणाले, वहिनी, मला गोळी घ्यायला लावायला तुम्ही कसल्या कसल्या गोष्टी रचून राहिल्या. मी शपथ घेतली, ते आणखी हसले. सहा वर्षांनी एकदाचं खरं सांगणाऱ्या बाईवर अशी वेळ यावी ना.

 विश्वासनं पेटी अंगणातल्या ओट्यावर ठेवली, डब्याचं झाकण काढलं आणि ब्रश बुडवून पेटीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल पट्टा ओढला. शिसवीवर तो रंग फार भडक दिसत होता. मग खिशातून एक कार्ड काढलं. नव्या शर्टाच्या घडीत येतो तसला पुठ्ठा होता, घरून कापून आणलेला. त्यावर त्यानं लिहिलं होतं, वस्तू, औषधपेटी. नग, साठ. दोष, आत औषध नाही आणि तीस वर्षं तपासणी नाही. निर्णय, नापास. खाली त्यानं पेन काढून सही केली.

भाऊजींचं हसू थांबलं होतं. ते पट्ट्याकडे बघत होते.

मग विश्वासनं कार्ड माझ्यापुढे धरलं. "बनवणारी तू," तो म्हणाला. एवढंच. मी सही केली. सदतीस वर्षांच्या संसारात मला त्याची इतकी भीती कधी वाटली नव्हती आणि इतका अभिमानही नाही. त्यानं कार्ड तारेनं कडीला बांधलं.

"गजा, चार दिवस थांबून बघू असं मी म्हणालो. ते चूक होतं. मी नीट न तपासता माल पास केला. गोळी घे."

भाऊजी आत गेले. फ्रिजवरचं पाकीट घेऊन आले, डॉक्टर मुलीनं फोनवर सांगितलेलं मी पुन्हा एकदा सांगितलं, आणि त्यांनी आमच्यासमोर दोन्ही गोळ्या पाण्याबरोबर घेतल्या. जीभ बाहेर काढून दाखवली, लहान मुलासारखी. मग म्हणाले, अकरा दिवसांच्या राहिलेल्या सगळ्या एकदम घेऊन टाकू काय, हिशेब पुरा होईल. मी त्यांच्या हातातलं पाकीट हिसकावून घेतलं. ती रात्र ते आमच्याकडेच झोपले. म्हणजे ते झोपले, आम्ही दोघं नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सगळं पाहिलं. जाळी मोकळी होती. त्या डॉक्टर मुलीनं भाऊजींची अशी काही खरडपट्टी काढली की मला मध्ये पडावं लागलं. पोटातल्या आगीवर तिनं वेगळी गोळी दिली आणि म्हणाली, हे आठ महिन्यांपूर्वी येऊन सांगितलं असतंत तर तेव्हाच दिली असती. भाऊजी मान खाली घालून, हो मॅडम. आता ते रोज सकाळी आठला पाकीट खिशात घालून आमच्याकडे येतात, नाश्ता करतात आणि व्हरांड्यात माझ्या देखत गोळी घेतात. शकुंतला परत आली तरी हा रिवाज चालू आहे.

विश्वास माझ्याशी नीट बोलत नव्हता. भाजीत मीठ कमी आहे, फोन वाजतोय, एवढंच. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस. मी तिन्ही कारणं सांगितली, वाईट वाटलं ते, भीतीचं आणि खोडीचं. तो म्हणाला, पहिल्याबद्दल काही म्हणणं नाही, तिसऱ्याबद्दल राग आहे. बरोबरच आहे त्याचं. मला तपासता येत होतं, मी तपासलं, आणि निकाल लपवून ठेवला. दवाखान्यात असं कुणी केलं असतं तर मी त्याला दारातून आत घेतलं नसतं.

पेटी व्हरांड्यात तशीच आहे, पट्टा आणि कार्डासकट. लोक येतात. त्यांना तो ते कार्ड वाचून दाखवतो. मग आलाच आहात तर बसा म्हणतो आणि पूर्वीसारखंच सगळं विचारतो, फक्त पहिला प्रश्न बदललाय. घरी कुठल्या गोळ्या चालू आहेत आणि त्यातली कुठली सोडलीत. तुम्हाला खरं वाटणार नाही, पहिल्याच आठवड्यात दोन जण निघाले. मिश्राजींनी मधुमेहाची गोळी सोडली होती, शर्मांच्या सुनेनं थायरॉइडची. त्या दोघांना त्यानं स्वतः रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. काही जण मात्र रागावून गेले. एक बाई मला म्हणाली, साखर तर साखर, आम्हाला गुण येत होता, तुमचं काय गेलं. विश्वासनं तिला खुर्ची दिली आणि तासभर तिच्या नणंदेबद्दल ऐकून घेतलं. जाताना ती हसत होती.

परवा मी दुपारी झोपून उठले तर स्वयंपाकघरातून वास. मला वाटलं स्वप्न. जाऊन बघते तर विश्वास गॅसपुढे उभा, दूध उतू चाललेलं, ओट्यावर कॉफीचं पाकीट. एम. पी. नगरला जाऊन आणलं होतं त्यानं. मी दवाखान्यात नोकरी करताना रोज दुपारी कँटीनमध्ये चोरून कॉफी प्यायची, हे त्याला ठाऊक होतं म्हणे, पहिल्यापासून. वास यायचा. म्हणजे लपवणारी मी एकटीच नव्हते.

कप भरल्यावर त्यानं साखर शोधली. डबा रिकामा होता. मग तो मागे वळला, फडताळातून न फोडलेलं गोळ्यांचं पाकीट काढलं आणि त्या पांढऱ्या बारीक गोळ्यांची एक मूठ माझ्या कपात टाकली. थोड्या कमी वाटल्या म्हणून आणखी दहा-बारा मोजून. ढवळून कप माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसून वाट बघायला लागला, वही उघडून बसायचा तसा.

मी एक घोट घेतला. कॉफी गोड झाली होती. तेवढा गुण त्या गोळ्यांना आहे, तसं मी त्याला सांगितलं.